मदत हवी आहे: सेन्सर एकत्रीकरण आणि सायबर संरक्षण, संशोधन निधीचा व्हाइट पेपर कसा मांडावा?

अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका बीएएसाठी, म्हणजे खुल्या संशोधन-आवाहनासाठी, पाच पानांचा व्हाइट पेपर लिहायचा आहे. रडार, कॅमेरा आणि ध्वनी-सेन्सर एका नेटवर्कवर आणून एकच ट्रॅक-चित्र (लक्ष्य कुठून कुठे जातंय याचं चित्र) तयार करायचं आणि नेटवर्कवर हल्ला झाला तरी ते टिकवायचं, असा विषय आहे. रेडिओ दुवा ९६०० बिट प्रतिसेकंद, एक संदेश ४० बाइटचा. प्रश्न तीन:

१. एकत्रीकरण आणि सायबर ही दोन वेगळी कामं दाखवावीत का?
२. टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान किती तयार आहे याची १ ते ९ पातळी, कुठपर्यंतचा लिहावा?
३. प्रत्येक संदेशावर डिजिटल सही केली की सायबर भाग पुरा होतो का?

प्रतिसाद – ध्रुवमत्स्य

तिसऱ्यापासून सुरू करतो, खरी मेख तिथे आहे. सहीमुळे संदेश कोणाचा ते कळतं. तो खरा आहे का ते कळत नाही. ताब्यात गेलेला सेन्सर खोटं मापनसुद्धा बिनचूक सही करूनच पाठवणार.

शिवाय दुवा अरुंद आहे. ईडी२५५१९ या प्रचलित सही-पद्धतीची सही ६४ बाइटची. ४० बाइटचे संदेश सेकंदाला ३० जात होते, ते सहीसकट जेमतेम ११ जातील, आणि यात हेडर धरलेलेच नाहीत. त्याऐवजी १६ बाइटचा एचमॅक टॅग, म्हणजे दोघांकडच्या समान गुप्त किल्लीने काढलेली खूण, लावलात तर २१ जातात. मात्र सगळ्यांना एकच किल्ली देऊ नका. एक खोकं हाती लागलं की कोणाच्याही नावाने संदेश पाठवता येतील. प्रत्येक सेन्सरची फ्यूजन-नोडशी (मापनं एकत्र करणाऱ्या संगणकाशी) स्वतंत्र किल्ली ठेवा.

खोटं पकडायचं काम फिल्टरचं, म्हणजे मापनांवरून लक्ष्याच्या जागेचा अंदाज काढत राहणाऱ्या गणिताचं. मापन आणि अंदाज यांतला फरक त्याच्या कोव्हेरियन्सने (अनिश्चिततेच्या मापाने) मोजून काय-स्क्वेअर या सांख्यिकी चाचणीची मर्यादा लावतात. द्विमितीय मापनाला ९५ टक्क्यांची मर्यादा ५.९९. पण हल्लेखोर दर स्कॅनला थोडं थोडं सरकवत गेला, तर फिल्टर त्याच्या मागे मागे जातो आणि मर्यादा कधीच ओलांडली जात नाही. म्हणून अंदाज काढताना संशयित सेन्सर वगळा, आणि फरकांची बेरीज साठवणारी क्युसम चाचणी सोबत चालवा. दोनच सेन्सर असतील तर मतभेद आहे एवढंच कळेल. कोण खोटं बोलतोय ते ठरवायला तिसरा लागतो.

प्रतिसाद – रोहिणीपथ

वरच्याला जोडून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन वेगळी कामं मुळीच दाखवू नका. एकत्रीकरणातली चूक आणि हल्ला फिल्टरला सारखेच दिसतात.

तुमचा ध्वनी-सेन्सरच घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २ किलोमीटरवरच्या ड्रोनचा आवाज जवळपास ६ सेकंद उशिरा येतो. ड्रोन सेकंदाला ६० मीटर उडत असेल तर तेवढ्यात तो साडेतीनशे मीटर पुढे गेलेला असतो. मापनाला पोचल्याची वेळ लावलीत, तर प्रामाणिक सेन्सरच खोटारडा ठरेल आणि तुमची प्रणाली त्याला बाहेर काढेल. अंतराचा अंदाज रडारकडून घ्या आणि आवाज निघाल्याची वेळ मागे जाऊन काढा.

घड्याळांचंही तसंच. जीपीएस जॅम झालं आणि ऑसिलेटरची (घड्याळाला ठेका देणाऱ्या भागाची) चूक १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक, असली, तर तासाला ३.६ मिलिसेकंद सरकतात. ड्रोनच्या हालचालीच्या मानाने हे क्षुल्लक आहे, पण आवाजाच्या आगमनवेळांतल्या फरकावरून जागा काढणाऱ्यांना १ मीटरहून जास्त चूक पडते. प्रत्येक संदेशात वेळेसोबत वेळेची अनिश्चितताही पाठवा. पीटीपीमध्ये (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या पद्धतीत) हार्डवेअर टाइमस्टॅम्प असेल तर चूक मायक्रोसेकंदाच्या आत राहते, पण ती तारेच्या नेटवर्कवर. तुमच्या रेडिओ दुव्यावर ती अपेक्षा धरू नका.

धागाकर्ता

पटलं. नोड एकमेकांना तयार ट्रॅकही पाठवतात. त्यात काही धोका?

प्रतिसाद – रोहिणीपथ

मोठा धोका. अ ने दिलेला ट्रॅक ब ने मिसळला आणि परत अ ला पाठवला, की तीच माहिती दोनदा मोजली जाते. कोव्हेरियन्स उगाच लहान होतो, आणि मग खरं मापनही मर्यादेबाहेर पडतं. एक तर मूळ मापनं पाठवा, नाहीतर कोव्हेरियन्स इंटरसेक्शन वापरा, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये किती माहिती सामाईक आहे ते माहीत नसतानाही चालणारी मिसळण्याची पद्धत. ती पद्धत थोडी सावध आहे, पण फसवी खात्री देत नाही.

प्रतिसाद – कागदकाम

टीआरएलबद्दल. आधी आवाहनातला निधी कुठल्या वर्गाचा आहे ते पाहा: ६.१ मूलभूत, ६.२ उपयोजित, ६.३ प्रगत तंत्रज्ञान विकास. ६.२ असेल तर ३ वरून सुरू करून ५ वर संपवणं पटण्यासारखं आहे. ५ म्हणजे घटकांची चाचणी वास्तवाशी मिळत्याजुळत्या परिस्थितीत, त्यामुळे वेळापत्रकात मैदानी चाचणी दिसलीच पाहिजे.

बीएएत सगळ्यांना समान कामाचा आराखडा दिलेला नसतो, म्हणून प्रस्ताव एकमेकांशी ताडून पाहणं बंधनकारक नसतं. तुमची कल्पना स्वतःच्या बळावर उभी राहायला हवी. "सुरक्षित फ्यूजन" एवढं लिहून भागणार नाही. मोजमाप लिहा: तीनपैकी एक सेन्सर सेकंदाला अमुक मीटर या गतीने खोटं बोलू लागला, तर किती सेकंदांत पकडला जाईल, तोवर ट्रॅक किती मीटर भरकटेल, आणि हल्ला नसताना तासाला किती खोटे इशारे येतील. हे तिन्ही आकडे एकत्र द्या. मर्यादा सैल-घट्ट करून एकटा आकडा कोणीही सुंदर करून दाखवू शकतो.

आणखी एक. स्वखर्चाने आधी लिहिलेलं सॉफ्टवेअर असेल, तर पूर्ण प्रस्तावासोबतच्या हक्क-मर्यादांच्या तक्त्यात (सरकारला कशाचे मर्यादित हक्क मिळतील त्याच्या यादीत) त्याचं नाव आत्ताच घाला. करार झाल्यावर ते घुसवणं फार अवघड जातं. नियंत्रित माहिती (गोपनीय वर्गातली नसली तरी सरकारने जपायला सांगितलेली) हाताळणार असाल तर एनआयएसटी ८००-१७१ या त्यासाठीच्या सुरक्षा-मानकाची तयारी आणि सायबर घटना ७२ तासांत कळवण्याची सोय, दोन्हींचा खर्च अंदाजपत्रकात धरा.