उंची थांबली, आता ग्रोथ हार्मोन हृदयासाठी चालू ठेवायचं का?

सतरावं_वर्ष
मुलगा, वय १७. लहानपणापासून ग्रोथ हार्मोनची कमतरता, रोज रात्री इंजेक्शन. गेल्या वर्षभरात उंची जेमतेम दीड सेंटिमीटर वाढली. मग आता बंद करायला हरकत काय? की बंद केल्यावर तरुणपणीच हृदयाचा धोका वाढतो? एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२ आहे, त्यावरून काही ठरतं का?

मृदुला
बंद करा, पण तपासण्यापुरतं. निदान एक महिना, जमलं तर तीन महिने थांबून आधी आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात बनणारा, रक्तात मोजता येणारा घटक), मग उत्तेजन चाचणी, म्हणजे औषध देऊन हार्मोन किती वाढतं ते बघणं. एकट्या ग्रोथ हार्मोनची कमतरता आणि एमआरआय नॉर्मल, अशा बऱ्याच मुलांत या वयात हार्मोन पुरेसं निघतं. मग विषयच संपतो. उलट पिट्युटरीची (ग्रोथ हार्मोन बनवणारी मेंदूखालची ग्रंथी) तीन किंवा जास्त हार्मोन्स कमी असतील किंवा जनुकीय दोष सापडलेला असेल, तर चाचणी परत करायची गरज नसते.

इन्सुलिन देऊन, म्हणजे शुगर मुद्दाम उतरवून केलेली उत्तेजन चाचणी असेल तर शुगरचे आकडेही मागून घ्या. शुगर ४० मिलिग्रॅमच्या खाली गेलीच नसेल, तर ग्रंथीला पुरेसा धक्काच बसलेला नाही. अशा रिपोर्टवरून कमतरता ठरवू नये. ही चाचणी रुग्णालयातच, डॉक्टर शेजारी असताना. फिट्सचा त्रास असेल तर ही नकोच, ग्लुकागॉनची करतात. आणि वजन खूप जास्त असेल तर हार्मोन मुळातच दबलेलं दिसतं, तिथे फसायला होतं.

हृदयस्पंदन
हृदयाचं म्हणाल तर धोका खरा आहे, पण तो ग्रोथ हार्मोनच्या एकट्याच्या खात्यावर टाकू नका. १९९० साली स्वीडनमधून पिट्युटरी निकामी झालेल्या प्रौढांची पाहणी आली. रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेले मृत्यू अपेक्षेच्या जवळपास दुप्पट होते. त्यांना ग्रोथ हार्मोन मिळत नव्हतं, हे खरं. पण त्यांची बाकीची हार्मोन्सही बिघडलेली होती.

तरुणांत दिसतं ते असं: पोटाच्या आतली चरबी वाढते, यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं, डाव्या जवनिकेचा स्नायू बारीक राहतो आणि व्यायामात दम लवकर लागतो. कमतरता पक्की असताना इंजेक्शन चालू ठेवलं तर यातलं बरंचसं सुधारतं. त्याने पुढचे हार्ट अटॅक टळतात, हे मात्र कुठल्याही तुलनात्मक चाचणीने दाखवलेलं नाही. 'हृदय वाचवायला घ्या' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ते जरा जास्तच झालं.

मृदुला
१४२ बद्दल. मुलांत १३० च्या वर म्हणजे जास्त, पण त्यावरून ग्रोथ हार्मोनचा निकाल लावू नका. आधी फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) बघा. फक्त टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन) बघून 'थायरॉइड ठीक' म्हणणं ही इथली नेहमीची चूक. दोष पिट्युटरीत असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतो, टी-४ मात्र खाली असतो, आणि एलडीएल त्यानेच चढलेला असू शकतो. १९० च्या वर गेला तर घराण्यातून आलेला कोलेस्टेरॉलचा आजार शोधायचा, तो मुद्दाच निराळा.

कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं ताण झेलणारं हार्मोन, तेही बघाच. ग्रोथ हार्मोन चालू असताना कॉर्टिसोनपासून कॉर्टिसॉल कमी बनतं, त्यामुळे कॉर्टिसॉलची लपलेली उणीव उघडी पडते. थकवा, उलट्या, बीपी कमी, असं दिसलं तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

सतरावं_वर्ष
कमतरता पक्की निघाली तर डोस तोच ठेवायचा?

हृदयस्पंदन
अजिबात नाही! घोळ होतो तो इथेच. वाढीच्या काळात किलोमागे साधारण ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोला रोज १.५ मिलिग्रॅम. उंची पूर्ण झाल्यावर रोज ०.४ ते ०.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, वजनाचा हिशेब न करता. पुढे आयजीएफ-१ बघून वरखाली. जुना डोस तसाच राहिला की पाय सुजतात, सांधे दुखतात, बोटांना मुंग्या येतात, आणि उपाशीपोटीची शुगर चढते. मुलगी असेल आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर डोस जास्त लागतो. इस्ट्रोजेनचा त्वचेवर लावायचा पॅच असेल तर तेवढा नाही.

दर भेटीत कमरेचा घेर मोजा, तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा वाढतो, पट्टा बदलून पुन्हा घ्या. लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) वर्षातून एकदा. मानेच्या धमनीची जाडी मोजायची सोनोग्राफी संशोधनात वापरतात. नेहमीच्या तपासणीत तिच्यावर खर्च नको.