तारखांचा हिशोब हाताने नको रे बाबा

लीप इयर म्हणजे ४ ने भाग गेला की झालं, प्रोग्राममध्ये त्यासाठी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) कशाला असं काहीजण म्हणतात, पण मग १९०० चं काय? १०० ने भाग जातो, ४०० ने नाही, म्हणून ते लीप नाही आणि २००० मात्र आहे. एक्सेल तर अजूनही २९ फेब्रुवारी १९०० दाखवतं, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळावं म्हणून ठेवलेली चूक ती!

मी एकदा उद्याची तारीख काढायला रात्री १२ च्या वेळेत सरळ २४ तास मिळवले, इथे पुण्यात मस्त चाललं, न्यूयॉर्कच्या क्लायंटकडे नोव्हेंबरात घड्याळं एक तास मागे गेली त्या रविवारी दिवस २५ तासांचा, म्हणून 'उद्या' पण रविवारच :) जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तर आवृत्ती ८ पासून लोकलडेट (LocalDate) हे तारखांचं साधन भाषेसोबतच आयतं मिळतंय, बाहेरचं काही घ्यायलाही नको.