मदत हवी आहे: "हाड जुळलंय ना, मग दुखतंय कशाने?" याचं उत्तर मराठीत कसं देऊ?

पूर्वा_ठाणे

नमस्कार. मी फिजिओथेरपी असिस्टंटचा कोर्स करतेय, दुसरं वर्ष आहे. दुपारी नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये प्रॅक्टिकलला असते. वेदनेचे प्रकार आणि ऊती भरून येण्याचे टप्पे, दोन्ही प्रश्न पेपरात आले तर मी पूर्ण लिहीन. पण गेल्या आठवड्यात एका पेशंटशी बोलताना माझी मोठी चूक झाली आणि तेव्हापासून मन लागत नाहीये.

एक काकू आहेत. पावसात स्टेशनच्या जिन्यावरून घसरल्या, हातावर पडल्या, उजव्या मनगटाला कोलिस फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर होतं. आता १४वा आठवडा चालू आहे. एक्स-रेत हाड छान जुळलेलं दिसतं. तरी भांडी विसळताना नळाचं पाणी लागलं की हात भाजल्यासारखा होतो, पदर घासला तरी कळ जाते. त्यांनी मला विचारलं, "अगं, हाड जुळलंय ना, मग दुखतंय कशाने?" मी म्हणाले, "काकू, हाताला आता काहीसुद्धा झालेलं नाहीये." मला धीर द्यायचा होता. घरात आधीच त्यांना 'कामं टाळायला निमित्त' असं ऐकावं लागतं, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

दुसरा पेशंट बरोबर उलटा. कळव्याचा कबड्डी खेळणारा मुलगा, घोटा मुरगळून आज १८वा दिवस. दुखणं जवळजवळ गेलंय, म्हणून रविवारी मॅटवर उतरायचं म्हणतो. "दुखत नाही म्हणजे बरा झालो ना?" त्यालाही मला पटेल असं काही सांगता आलं नाही.

एकीकडे ऊती भरून आलीय पण दुखतंय, दुसरीकडे दुखत नाही पण ऊती अजून कच्ची आहे. नोसिसेप्टिव्ह (ऊतीच्या इजेचं), न्यूरोपॅथिक (नसेच्या इजेचं), नोसिप्लास्टिक (वेदनेची यंत्रणाच हळवी झाल्याचं) हे दुखण्याच्या प्रकारांचे शब्द मला येतात, काकूंना त्याचा काय उपयोग? आणि 'मेंदूत दुखतं' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'मनाचे खेळ' असंच ऐकू येतं. तुम्ही पेशंटला हे कोणत्या शब्दांत सांगता?

नेरूळचा_फिजिओ

पूर्वा, आधी एक महत्त्वाचं. काकूंचे दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिलेस का? सूज, रंगात फरक, एक हात जास्त गरम किंवा गार, घाम कमीजास्त, कातडी चकचकीत, बोटं आखडलेली? मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर भाजल्यासारखं दुखणं आणि नुसता स्पर्शही सहन न होणं हे सीआरपीएसमध्ये (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे इजेच्या मानाने खूप जास्त आणि लांबत जाणारं दुखणं) दिसतं. निदान करणं तुझं काम नाही, पण पाहून क्लिनिकच्या फिजिओ मॅडमना त्याच दिवशी सांगणं तुझंच काम आहे. यात उशीर परवडत नाही.

आता तुझं वाक्य. तू धीर द्यायला बोललीस हे कळतं, पण ते चूकही होतं. हाड जुळलं तरी नसांमध्ये बदल झालेला असू शकतो. बारीक सी तंतू सावकाश, सेकंदाला साधारण अर्धा ते दोन मीटर वेगाने, जळजळीचा आणि ठणक्याचा निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत नेतात. असे निरोप आठवडेच्या आठवडे येत राहिले की तिथल्या पेशी हळव्या होतात. मग जो निरोप एरवी 'पाणी लागलं' एवढाच असतो, तोही 'भाजलं' म्हणून पुढे जातो. काकूंना खरोखरच भाजतं.

मी पेशंटला म्हणतो, "काकू, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तुमच्या हाताच्या नसांचं तसं झालंय. त्यांनी एकदा मोठा मार खाल्लाय, म्हणून त्या आता साध्या पाण्यालाही घाबरतात. ही भीती तुमच्या मनातली नाही, नसांची आहे, आणि ती हळूहळू घालवता येते." ही म्हण घरोघरी माहीत आहे, त्यामुळे दोष पेशंटवर जात नाही. मग मॅडमच्या सांगण्यानुसार हातावरून आधी मलमलीचा तुकडा फिरवायचा, मग सुती कापड, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात, असं चढत जायचं. कुठली पायरी जड गेली तर एक पायरी खाली यायचं.

वाशीची_स्मिता

मी फिजिओ नाही, पेशंट होते, खांदा आखडला होता. मला कुणी 'दुखणं १० पैकी किती' एवढंच विचारलं की वैताग यायचा. ठणका, चमक, सणक, मुंग्या, रग, टोचणं, भाजल्यासारखं होणं, आपल्याकडे एवढे शब्द आहेत, ते पेशंटला बोलू द्या. एका ताईंनी माझं ऐकून म्हटलं, "ठणका रात्री वाढतो का, कुशीवर झोपलं की जास्त होतो का?" त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, कुणाला तरी माझा खांदा दिसला.

नेरूळचा_फिजिओ

स्मिताताईंचं अगदी बरोबर. शब्दावरून लगेच प्रकार ठरवू नये, पण सणक किंवा मुंग्या म्हटल्या की नसेकडे लक्ष द्यावं.

कबड्डीवाल्याबद्दल. सूज-ठणक्याचा पहिला टप्पा थोड्या दिवसांचा. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी नवीन कोलॅजेन, म्हणजे ऊतीला ताकद देणारे प्रथिनाचे धागे, विणतात, पण ते घाईत घातलेलं, तिसऱ्या प्रकारचं, आडवंतिडवं असतं. पुढे महिनोन् महिने त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं मजबूत कोलॅजेन येतं. त्वचेच्या जखमेत तिसऱ्या आठवड्याला ताकद मूळच्या साधारण २० टक्केच असते. घोटा मुरगळला की दुखावतं ते लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा; त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तेही घाईत नसतं. दुखणं बंद होणं आणि हे काम पुरं होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत.

त्याला मी विचारतो, "स्लॅब टाकला की दोन दिवसांनी त्यावर चालता येतं. म्हणून कॉन्ट्रॅक्टर टेकू काढतो का?" मुलं लगेच ओळखतात. मात्र ही उपमा अर्धीच वापर, कारण स्लॅबला नुसतं थांबून चालतं, लिगामेंटला नाही. कोलॅजेनचे धागे बेताच्या ताणाच्या दिशेनेच सरळ होतात, गुंता विंचरल्यासारखे. म्हणून 'आराम कर' म्हणू नकोस. एका पायावर तोल, टाचा उचलणं, मग उड्या, मग दिशा बदलून धावणं असा चढता क्रम दे. एका पायावर दहा सेकंद डगमगत असेल तर रेड टाकायची वेळ आलेली नाही, हे त्याला त्याच्याच पायावर दिसू दे.

पूर्वा_ठाणे

सगळ्यांची खूप आभारी आहे. मॅडमना सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा. त्यांनी काकूंना फोन करायला सांगितला. मी माफी मागितली आणि म्हटलं, "तुमचा हात खरंच दुखतो, मी चुकीचं बोलले." पलीकडे बराच वेळ शांतता होती.

काकू आज आल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून पाहिले, उजवा जरा गरम आणि चकचकीत आहे, बोटांच्या घड्या पुसट झाल्यात. मॅडमनी लगेच चिठ्ठी देऊन ऑर्थोपेडिककडे परत पाठवलं. ताकाची म्हण सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हे आमच्या घरी येऊन सांगशील का?" मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी घरच्या कुणालातरी सोबत आणा. त्या शुक्रवारी मुलाला घेऊन येणार आहेत.

कबड्डीवाला उद्या चार वाजता आहे.