एकट्याने कार्यक्रम करताना पेटी आणि ध्वनिसाहित्य कसे न्यावे?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी चिपळूणला राहते, गायन शिकवते आणि अभंग, नाट्यपदे व भावगीते यांचे दीड-दोन तासांचे कार्यक्रम करते. पेटी मीच वाजवते. तबल्याच्या साथीला येणाऱ्या सहकाऱ्यांच्या मोटारीतून आजवर सारे साहित्य जात असे; ते आता परगावी स्थायिक झाल्यामुळे तानपुरा आणि तबला या दोन्हींची साथ मी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर घेते आणि प्रवासही एकटीच करते. माझ्याकडे चारचाकी नाही. लांबचा प्रवास एसटीने किंवा कोकण रेल्वेने, आणि शेवटचा टप्पा रिक्षाने, असेच बहुतेक वेळा करावे लागते.

साहित्य असे आहे: स्केल चेंजर (म्हणजे गाण्याची पट्टी सरकवून बदलता येणारी) पेटी व तिचे प्लायवूडचे खोके, 12 इंची स्पीकर आणि त्याचा स्टँड, लहान मिक्सर, दोन माइक, माइकचे स्टँड, दोन्ही यंत्रे आणि तारांची पिशवी. यांतले काय न्यावे, काय सोडावे, आणि पेटीला धक्का व दमट हवा यांपासून कसे जपावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम तोंडावर आले आहेत. शिवाय बंगळुरूच्या एका मराठी मंडळाने बोलावले असून विमानाचे तिकीट देण्याची तयारी दाखवली आहे. विमानाने पेटी न्यावी का?

काळी_चार

मी डोंबिवलीहून असेच कार्यक्रम करतो, त्यामुळे प्रश्न जवळचा आहे. आपण सामानाच्या वजनापासून विचार सुरू केला आहे. माझ्या मते एकट्या कलाकाराने आधी फेऱ्यांचा विचार करायला हवा. सोबत दुसरे माणूस असले की एकजण रस्त्यावर सामानापाशी थांबतो आणि दुसरा आत ठेवून येतो. आपण एकट्या असताना रिक्षातून उतरून पहिली खेप रंगमंचावर नेली, तर तेवढा वेळ उरलेले सामान फाटकाशी बेवारस राहते. स्थानकावर आणि बसथांब्यावरही तेच. म्हणून सर्व सामान आपल्याला एका फेरीत, निदान शंभर पावले, न थांबता नेता आले पाहिजे, हीच मर्यादा मानावी आणि यादी त्या मर्यादेत बसेपर्यंत कमी करावी.

या कसोटीवर पहिला गळतो तो स्पीकर. स्केल चेंजर पेटी खोक्याशिवाय 15 किलोच्या आसपास असते आणि 12 इंची स्पीकर साधारण तितक्याच वजनाचा किंवा थोडा जास्तच. या दोन वस्तू एका माणसाने एका फेरीत नेणे शक्य नाही. बहुतेक सभागृहांत आणि गणेशोत्सव किंवा दिवाळी पहाटेच्या मांडवात आयोजकांचा ध्वनिव्यवस्थापक असतोच. त्याच्याशी आयोजकांमार्फत नव्हे, तर स्वतः दूरध्वनीवर बोलावे: मिक्सरमध्ये किती जागा मोकळ्या आहेत, पेटीसाठी माइक आणि आखूड स्टँड मिळेल का, बैठक जमिनीवर आहे की चौरंगावर, आणि गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी समोर मॉनिटर असेल का. जमिनीवर बसून गाणाऱ्याला आखूड स्टँड लागतो हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि ऐनवेळी उभ्या गायकाचा उंच स्टँड तिरका करून समोर आणून ठेवला जातो. एवढी एक वस्तू मात्र मी स्वतःची नेतो, कारण तिचे वजन नगण्य आहे आणि तिच्यावाचून अडचण मोठी होते. गाण्याचा माइकही स्वतःचाच असावा.

घरगुती बैठक असेल, जिथे आयोजकांकडे काहीच नसते, तिथे चाळीस-पन्नास श्रोत्यांना बॅटरीवर चालणारा 8 इंची स्पीकर पुरतो. अशा स्पीकरमध्ये बहुधा दोन-तीन जोडण्यांचा मिक्सर अंगभूतच असतो, म्हणून वेगळा मिक्सर नेण्याची गरज उरत नाही.

दोन यंत्रांऐवजी फोनवरील ॲप चालेल का, असे पुष्कळजण विचारतात. चालते, पण ऐन आलापात फोन वाजू नये यासाठी तो विमान मोडवर ठेवावा लागतो आणि मग आयोजकांचा निरोप पोहोचत नाही. मी तानपुऱ्याचे यंत्र कायम जवळ ठेवतो आणि तबल्यासाठी सिमकार्ड नसलेला जुना फोन वापरतो. पिशवीत दोन्ही टोकांच्या जोडण्यांची एकेक तार जादा असावी. गावच्या सभामंडपात अनेकदा फक्त 15 अँपिअरचा मोठा सॉकेट असतो, त्यामुळे मोठ्या पिनेचा जोड आणि पाच-सहा मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड या दोन गोष्टी सोडू नयेत.

सामानाची मांडणी अशी करावी की माइक, यंत्रे आणि तारा पाठीवरच्या पिशवीत राहतील, पेटी एका हाती, आणि कपड्यांची लहान पिशवी दुसऱ्या हाती. हमाल मिळाला तर त्याच्याकडे कपड्यांची पिशवी आणि असल्यास स्पीकर द्यावा. पेटी आणि पाठीवरची पिशवी आपल्याकडेच ठेवावी.

भाता_आणि_सूर

मी पेट्या दुरुस्त करतो, म्हणून फक्त पेटीपुरते लिहितो. वरच्या उत्तरात पेटी हाताने न्यावी असे म्हटले आहे, ते अगदी योग्य आहे. अनेक कलाकार खोक्याला लहान चाके लावून घेतात किंवा घडीच्या ट्रॉलीवर पेटी बांधतात. गुळगुळीत फरशीवर त्याने काही बिघडत नाही, परंतु पेव्हर ब्लॉकवरून आणि फलाटाच्या खडबडीत लादीवरून बारीक चाके फिरतात तेव्हा सलग सूक्ष्म धक्के बसतात. त्यांनी पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा जागेवरून सरकतात, सुरांच्या (म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभांच्या) पाट्यांचे स्क्रू सैल होतात आणि स्केल चेंजरची सरकणारी चौकट खिळखिळी होते. ट्रॉली वापरायचीच असेल तर चाके मोठी आणि रबराची असावीत, पेटीखाली दोन बोटे जाडीचा घट्ट फोम असावा, आणि रस्ता खराब दिसताच पेटी उचलून घ्यावी.

निघण्यापूर्वी भाता पूर्ण मिटवून त्याच्या कड्या लावाव्यात, सर्व खुंट्या आत ढकलून बंद कराव्यात, कपलर (एक पट्टी दाबताच दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी जोडणी) सोडवावा आणि स्केल चेंजर मूळ जागी आणून ठेवावा. खुंट्या उघड्या राहिल्या तर प्रवासात धूळ थेट सुरांपर्यंत जाते, आणि पितळी सुराच्या जिभेखाली अडकलेला एक कण तो स्वर मुका करायला पुरेसा असतो. पट्ट्या आणि वरचे झाकण यांच्यात दुमडलेला मऊ सुती पंचा ठेवावा, म्हणजे पट्ट्या उसळत नाहीत. वाजवताना पेटी ज्या स्थितीत असते त्याच स्थितीत ती न्यावी. जागा वाचवण्यासाठी तिला कडेवर उभे करू नये.

कोकणात राहणाऱ्या माणसाला दमटपणाबद्दल वेगळे सांगायला नको, पण प्रवासातील खरा धोका हवा एकदम बदलण्याचा असतो. वातानुकूलित डब्यात रात्रभर थंड झालेली पेटी पहाटे मांडवात आणून लगेच उघडली, की बाहेरच्या दमट हवेतील बाष्प थंड पितळेवर आणि चामड्यावर जमते. म्हणून पोहोचल्यावर पेटी खोक्यासकट अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी आणि नंतर उघडावी. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम साडेपाचला असेल, तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचणे हे पेटीच्या दृष्टीनेही हिताचे आहे. खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पुरेसे पाणी शोषले असे समजून बदलावेत.

प्लायवूडच्या खोक्याऐवजी जाड फोमचे अस्तर असलेली, कडक तळाची पिशवी घेतली तर काही किलो वजन कमी होईल. रेल्वे व रिक्षा यांना ती पुरते. एसटीच्या डिकीत पेटी ठेवावी लागणार असेल तर मात्र खोकेच हवे, कारण घाटात वळणावर इतरांचे सामान अंगावर येते. शक्यतो डिकी टाळावी आणि वाहकांना विनंती करून पेटी आसनाशेजारी ठेवावी. सोबत एक लहान स्क्रू ड्रायव्हर आणि रंगकामाचा मऊ ब्रश ठेवावा. एखादा सूर मुका झालाच तर ब्रशने हलकेच झाडून पाहावे. जिभेला टोकदार वस्तू लावू नये, कारण पितळावर उठलेला लहानसा ओरखडाही स्वर चढवतो किंवा उतरवतो.

रुळांवरून

रेल्वेचे आणि विमानाचे थोडेसे. स्लीपर आणि थ्री टायर वातानुकूलित डब्यात प्रत्येकी 40 किलोपर्यंत सामान मोफत नेता येते, साध्या द्वितीय वर्गात 35 किलो. म्हणजे वजनाची अडचण नाही, अडचण जागेची आहे. खालचा बर्थ घ्यावा आणि पेटी त्याखाली, शक्यतो भिंतीकडे, सरकवावी. चिपळूणला मांडवी किंवा कोकणकन्या थोडीच मिनिटे थांबतात, तेव्हा आपला डबा फलाटावर कुठे येतो हे आधी पाहून तिथेच उभे राहावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू असते आणि गाड्यांना वेळ अधिक लागतो, हे गणेशोत्सवातील तारखा देताना ध्यानात ठेवावे. ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) पार्सल म्हणून पेटी पाठवू नये. तिथे चढउतार आपल्या डोळ्यांसमोर होत नाही. मुंबईत लोकलने जायचे असेल तर दुपारी जावे आणि मालडब्यात उभे राहावे.

विमानाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: बंगळुरूला पेटी विमानाने नेऊ नये. देशांतर्गत विमानांत केबिनमध्ये साधारण 7 किलो आणि पोटात 15 किलो सामान अनेक कंपन्या देतात. आपली पेटी केबिनमध्ये जाणार नाही, आणि पोटात द्यायची तर खोक्यासकट मर्यादा ओलांडेल; शिवाय ती कशी हाताळली जाईल यावर आपले नियंत्रण राहणार नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात आणि 100 वॅट-तासांपर्यंतच विनापरवानगी नेता येतात. 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे 74 वॅट-तासांची असते, म्हणजे चालते. बॅटरीवरच्या मोठ्या स्पीकरबाबत आधी विचारून घ्यावे.

बंगळुरूत हिंदुस्थानी संगीत शिकणारे आणि शिकवणारे बरेच आहेत. मंडळाला स्थानिक पेटी मिळवून देण्यास सांगावे, तिची पट्टी आधी कळवून घ्यावी, आणि आदल्या दिवशी ती तासभर वाजवून पाहता येईल अशी सोय मागावी. स्वतःचीच पेटी हवी असेल तर एसटीने कुंभार्ली घाटमार्गे कराड, तिथून मिरज आणि पुढे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास, हा मार्ग आहे. वाटेत मिरजेत वाद्य तपासून घेण्याचीही सोय होते.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. स्पीकर घरी ठेवायचा, पिशवी नवी शिवून घ्यायची आणि बंगळुरूला स्थानिक पेटी मागायची, एवढे नक्की केले आहे. एक शंका उरते. रिक्षा, हमाल आणि आदल्या रात्रीचा मुक्काम यांचा खर्च आयोजकांकडे कसा मागावा? मानधनात धरला तर आकडा मोठा दिसतो.

काळी_चार

मानधनात धरू नये. होकार कळवतानाच प्रवास, मुक्काम आणि सामानाची ने-आण असे तीन खर्च वेगळ्या ओळींत लिहून द्यावेत, आणि रोख रक्कम मागण्याऐवजी शक्य तिथे सोयच मागावी. स्थानकावर मोटार घेऊन येणारा एक कार्यकर्ता आणि कार्यक्रमानंतर परत सोडण्याची व्यवस्था, ही मागणी कुठलेही मंडळ सहसा नाकारत नाही, कारण त्यांच्याकडे माणसे असतात, कमी पडतो तो पैसा. त्या कार्यकर्त्याचा क्रमांक आदल्या दिवशी मागून घ्यावा. परतीचा उल्लेख मात्र लेखी हवा. कार्यक्रम संपल्यावर आयोजक हिशेबात आणि आवराआवरीत गुंतलेले असतात, आणि रात्री अकराला पेटी घेऊन रिक्षा शोधणे एकट्या माणसाला जड जाते.