गरम झाल्यावर आयडलला मिसिंग, रेस दिली की गायब

जुनीगाडी

गाडी 14 वर्षांची, 1.2 लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल. 1,31,000 किमी झालेत. थ्रॉटल केबलचं आहे, आयडल व्हॉल्व्ह वेगळा. आत जाणारी हवा थेट मोजणारा एअर फ्लो सेन्सर नाही, इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे.

थंड इंजिन सुरू केलं की अगदी गुळगुळीत चालतं. 15-20 मिनिटं चालवून आयडलला (ॲक्सिलरेटर न देता) थांबलं की स्टिअरिंग आणि सीट थरथरायला लागतात, आरपीएमचा काटा 620 ते 800 मध्ये नाचतो. 1500 च्या वर नेला की सगळं शांत. कोड पी0303 (3 नंबर सिलिंडरला मिसिंग, म्हणजे ते नीट पेटत नाही), तोही अधूनमधूनच येतो.

झालेली कामं: चारही प्लग नवे, गॅप 1.0 मिमी. 2 आणि 3 ची कॉइल अदलाबदल केली, कोड 3 वरच राहिला. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ केला.

गरम इंजिन, एसी बंद, स्कॅनरवर आयडलला: पाणी 91 अंश, मॅप 44 केपीए, लाँग टर्म ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते) +4. 2500 आरपीएमला ट्रिम +2. आता इंजेक्टर बदलायचे का?

वायरमन

इंजेक्टरला इतक्यात हात लावू नका. आयडलला वाईट आणि रेसला बरं, ही खूण हवेच्या गळतीची असते. आयडलला इंजिन मुळात हवाच थोडी घेतं, त्यामुळे फुटक्या नळीतून शिरणारी जास्तीची हवा त्या मानाने खूप भरते. 2500 ला तीच गळती किरकोळ ठरते.

आधी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. आयडलमध्ये काहीच फरक पडला नाही तर पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये ओढणारा व्हॉल्व्ह) बाजूला हवा आधीच कुठूनतरी शिरतेय. पीसीव्ही व्हॉल्व्ह बाहेर काढून हलवला की आतून खुळखुळ वाजायला हवा. तो ज्या रबरात बसतो ते रबर जुन्या गाडीत नखाने दाबून बघा, प्लास्टिकसारखं कडक झालेलं असतं. मग मॅनिफोल्डला येणारी एकेक नळी पकडीने हलकेच दाबा. ब्रेक बूस्टरची जाड नळी विसरू नका. जी दाबल्यावर आयडल सुधारेल तिच्या पुढे गळती. कार्ब क्लीनर फवारून शोधायचं असेल तर थोडा थोडाच फवारा, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व प्लग वायरींपासून लांब. तो पेट्रोलइतकाच पेट घेतो.

फीलरगेज

वायरमन, शोधायची पद्धत बरोबर आहे, पण ही गाडी मॅपची आहे. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत गळतीची हवा सेन्सरला चुकवून शिरते. म्हणून मिश्रण पातळ होतं आणि आयडलला ट्रिम +15, +20 वर जाते. मॅपच्या गाडीत मात्र शिरलेली हवा मॅनिफोल्डच्या दाबात दिसते. कॉम्प्युटर त्या हिशोबाने पेट्रोल वाढवतो, ट्रिम फारशी हलत नाही, पण आयडल चढतो. इथे ट्रिमही ठीक आणि आयडलही चढलेला नाही. शिवाय सगळ्या इंजिनाची हवा बिघडली तर त्रास एकट्या 3 ला का? त्या एका सिलिंडरच्या मॅनिफोल्ड पॅकिंगपाशी गळती असू शकते, तेवढं बघून घ्या. पण तसली गळती बहुधा थंडीत जास्त त्रास देते, गरम झाल्यावर कमी.

माझं लक्ष 44 केपीएवर आहे. धडधाकट इंजिन गरम आयडलला, एसी बंद असताना, साधारण 30 ते 38 मध्ये असतं. आकडा वर म्हणजे तेवढाच आरपीएम टिकवायला जास्त हवा लागतेय, एखादं सिलिंडर वाटा उचलत नाहीये. थंडीत बरं आणि गरम झाल्यावर मिसिंग, तेही एकाच सिलिंडरला: टॅपेट टाइट झालेत का, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातला गॅप घटलाय का, ते बघा. एक प्रश्न, गाडीला गॅस किट आहे का?

जुनीगाडी

आहे, सहा वर्षं झाली. पेट्रोलवरही मिसिंग तसंच, म्हणून लिहिलं नव्हतं.

फीलरगेज

तेच पहिल्यांदा लिहायला हवं होतं! गॅस कोरडा जळतो. पेट्रोलमुळे व्हॉल्व्हच्या सीटवर (बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) जो बारीक थर राहतो तो राहत नाही, एक्झॉस्टची सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो. त्यामुळे टॅपेटचा गॅप वाढत नाही, घटतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलासुरला गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. आयडलला प्रत्येक स्ट्रोकला वेळ जास्त मिळतो म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं. रेसला निसटायला वेळच कमी मिळतो.

टॅपेट वाजत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. सैल टॅपेट टिकटिक करतो, टाइट टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतो. आधी कॉम्प्रेशन घ्या, गरम आणि थंड दोन्ही.

दहाबाराचा_पाना

कॉम्प्रेशन घेताना लोक घाई करतात, म्हणून सविस्तर.

इंजिन गरम करून बंद करा. गॅसच्या टाकीचा कॉक बंद. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडा. चारही प्लग काढा, फक्त एक काढून मोजू नका, स्टार्टर हळू फिरतो आणि आकडा खोटा येतो. प्लगच्या खड्ड्यातला कचरा आधी हवेने उडवा. दुसऱ्याला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा. थ्रॉटल बंद राहिलं तर चारही आकडे कमी येतात आणि उगाच इंजिन गेलं असं वाटतं. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके, बॅटरी पूर्ण चार्ज.

काटा पहिल्याच झटक्याला किती चढतो तेही लिहून ठेवा. रिंगा झिजल्या असतील तर तो टप्प्याटप्प्याने चढतो, व्हॉल्व्ह गळत असेल तर सुरुवातीलाही कमी आणि शेवटीही कमी. जे सिलिंडर कमी येईल त्यात चमचाभर, म्हणजे 5 मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

जुनीगाडी

गरम: 178, 174, 131, 170 पीएसआय. 3 मध्ये ऑइल सोडून 134. रात्रभर उभी ठेवून थंडीत 3 चा आकडा 158.

टॅपेट कव्हर उघडलं. मॅन्युअलमध्ये एक्झॉस्ट 0.26 ते 0.30 मिमी. 3 च्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हना 0.11 आणि 0.05 निघाले. 0.05 ची फीलर गेजची पातीही ओढून काढावी लागली. बाकीचे 0.18 ते 0.22. इनटेक सगळे ठीक.

फीलरगेज

मग आणखी पुरावा नको. ऑइलने आकडा हलला नाही, थंडीत 27 पीएसआय जास्त, आणि पाती अडकतेय.

तुमच्याकडे रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) स्क्रू आणि लॉकनट असेल असं धरतो. शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतील तर काम वेगळं, मोजून योग्य जाडीचे शिम घालावे लागतात. सेटिंग थंड इंजिनावरच. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. 1 नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर, सगळे व्हॉल्व्ह बंद) आणा, त्याचे सगळे रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर एक फेरा अजून, किंवा तिथेही टॅपेट टाइट आहेत. पुढे अर्धा अर्धा फेरा देत 3, 4, 2 या क्रमाने.

एक्झॉस्ट चारही सिलिंडरचे घ्या, सगळेच कमी आहेत. गॅसची गाडी आहे, 0.30 ला ठेवा, मर्यादेतच आहे आणि झिजायला जागा राहते. पाती ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखी जरा ओढ लागली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पाती घालून बघा. निम्मी सेटिंग्ज इथेच बिघडतात.

मग गरम कॉम्प्रेशन परत. 3 नंबर 160 च्या पुढे आला तर व्हॉल्व्ह वाचला. 140 च्या आसपासच अडकला तर कड जळलीय. खात्री करायची तर 3 ला कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर ठेवून प्लगच्या भोकातून हवा भरा आणि सायलेन्सरला कान लावा, स्स् असा आवाज स्पष्ट येतो. मग हेड काढणं आलंच.

वायरमन

मॅपचा मुद्दा मान्य. कव्हर लावताना पॅकिंग नवं घाला, प्लगच्या नळ्यांच्या रबरी रिंगांसकट. जुनी परत बसवली तर ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि कॉइल वेगळंच मिसिंग दाखवायला लागते. काम झाल्यावर कोड आणि ट्रिम पुसून टाका, आणि गाडी आधी पेट्रोलवर फिरवा. मिसिंग गेलं तरी गॅसची ट्यूनिंग परत तपासून घ्या, मिश्रण पातळ राहिलं असेल तर तेच व्हॉल्व्ह पुन्हा तापतील.

जुनीगाडी

0.30 ला सेट केले. गरम 3 नंबर 166, मॅप 35, काटा 740 ला स्थिर. पुढचं मोजमाप किती किमीला?

फीलरगेज

5,000 ला. गॅप 0.26 च्या खाली आला नसेल तर पुढे 20,000 ला. 5,000 मध्येच 0.20 वर आला तर सीट वेगाने झिजतेय. मग सेटिंग करत बसू नका, हेड काढून त्या सिलिंडरला कडक धातूच्या सीट बसवून घ्या.