संपानंतर आजोबा आजारी का पडत गेले?

परळचा_नातू:
माझे आजोबा एका गिरणीच्या विणाई खात्यात साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतलेच नाही. आजी सांगते, की तोवर धडधाकट असलेला माणूस दोन-तीन वर्षांत रक्तदाब, दमा आणि निद्रानाश यांनी खंगला. आजीने पोळीभाजीचे डबे करून घर चालवले, त्यामुळे उपासमार झाली नाही. मग नुसती नोकरी गेल्याने माणूस आजारी पडतो का, की वय आणि गिरणीतला कापूस हेच खरे कारण?

अर्थशास्त्र_वाचक:
आजारी माणसालाच आधी कामावरून काढले जात असेल, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे कळत नाही. त्यामुळे एकाच वेळी पुष्कळांना काढले गेले, अशी उदाहरणे अभ्यासक शोधतात. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात अशा रीतीने नोकरी गमावलेल्या, दीर्घ सेवेच्या पुरुष कामगारांचा सलिव्हन आणि फॉन वाख्टर यांनी अभ्यास केला (२००९). नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात त्यांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा ५० ते १०० टक्क्यांनी जास्त आढळला. अर्थात, कापसाच्या धुळीचे फुप्फुसांवरचे परिणामही खरेच आहेत आणि एक कारण मान्य केले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

नायगावची_लेक:
माझे वडीलही संपातले. पगाराबरोबर कामगार विम्याचे कार्डही जाते, हे कोणी फारसे बोलत नाही. हप्ता भरणे थांबले, की काही महिन्यांनी दवाखान्याचा हक्क संपायचा. म्हणजे दमा तिथेच राहिला आणि औषध मात्र विकतचे झाले. वडील रोजची गोळी दिवसाआड घेत असत, हे आईला पुष्कळ उशिरा कळले. भोंगा बंद होऊनही ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, दाढी करत आणि मग चाळीच्या गॅलरीत दुपारपर्यंत बसून राहत.

जुना_वाचनालयवाला:
व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली गिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावरून जाणारे बेकार पुरुष हळू चालत आणि वारंवार थांबत. घरकाम न सुटलेल्या बायका त्यांच्यापेक्षा भराभर चालत. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले होते. डबे करणारी आजी आणि गॅलरीत बसलेले वडील यांच्यात मला तोच फरक दिसतो.

परळचा_नातू:
आज आजीला औषधांचे विचारले. ती म्हणाली, कार्ड बंद झाल्यावर आजोबांनी दवाखान्याचे नाव काढले नाही. थोरल्या काकांनी मात्र त्याच वर्षी दहावीची परीक्षा न देता दादरला हमाली धरली. हे काकांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते.