कथक, मेंदू आणि नाचणारा रोबो : काय वाचावं, प्रयोग कसा मांडावा?

अनघा_कोथरूड
मंडळी, सल्ला हवाय. भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कथक विशारदही झाली आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये एक नाओ रोबो आहे (तोच, पांढरा, जेमतेम दोन फुटी). त्याला थोडं कथक शिकवायचं आणि बघणाऱ्याला तो नाच वाटतो की कवायत, हे तपासायचं असं तिच्या डोक्यात आहे. गाईड म्हणाले, "मेंदूचं काहीतरी घाल, प्रोजेक्टला वजन येईल." काय घालायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी बँकेतली बाई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तर, वाचायला सुरुवात कुठून करावी? मेंदूच्या स्कॅनरशिवाय काही करता येतं का? आणि रोबोला नेमकं शिकवावं तरी काय?

('यतो हस्तस्ततो दृष्टिः', म्हणजे जिथे हात तिथे नजर, हे कृपया नको. तिच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या निवेदनात ऐकलंय.)

तत्कार
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण उरलेलं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. नाओच्या हाताला तीन बोटं, आणि तिन्ही एकाच मोटरवर. उघडली तर एकदम, मिटली तरी एकदम. म्हणजे हस्तमुद्रा बाद. कसक-मसक (मनगट आणि छातीच्या त्या बारीक लकबी) बाद. चक्कर तर विसराच, पहिल्याच फेरीत आडवा होईल आणि लॅबवाले भाचीला दारात उभं करणार नाहीत. उरतं काय? खांद्या-कोपरातून घेतलेले हस्तक (हातांच्या फेकी), मान, आणि विलंबित तीनतालात एखादा थाट, म्हणजे सुरुवातीची ती डौलदार, संथ उभं राहण्याची ढब. हातांनीच एक छोटी तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबवा. तेवढं नीट जमलं तरी पुष्कळ आहे.

न्यूरॉनवाला
मी दृष्टीवर काम करतो, नृत्यावर नाही, पण हे पेपर वाचलेले आहेत.

सुरुवात २००५ च्या बिअट्रिझ काल्वो-मेरिनो आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या प्रयोगापासून करा. बॅले करणारे, कापोएरा (ब्राझीलचा नाचासारखा युद्धप्रकार) करणारे आणि दोन्ही न करणारे, अशा तीन गटांना स्कॅनरमध्ये झोपवून दोन्ही प्रकारांचे व्हिडिओ दाखवले. आपल्या अंगातली शैली दिसली की हालचालीची आखणी करणारे मेंदूचे भाग जास्त पेटत. यावर कोणीही म्हणेल की त्यांनी ते जास्त वेळा पाहिलेलं असतं, म्हणून. तिथेच २००६ चा पुढचा पेपर महत्त्वाचा ठरतो. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. तालमी एकत्र होतात, त्यामुळे दोन्ही बघून बघून पाठ असतात, पण स्वतः केलेल्या नसतात. तरीही स्वतःच्या वाट्याच्या हालचालींनाच प्रतिसाद जास्त आला. पाहणं आणि करणं यांची इतकी सुबक फोड मी दुसरीकडे पाहिलेली नाही. भाचीने बाकी काही वाचलं नाही तरी हे दोन वाचावेत.

आता रोबो. एमिली क्रॉस आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा पेपर. अपेक्षा अशी की ओळखीच्या, माणसासारख्या हालचालीला मेंदू जास्त दाद देईल. निघालं उलटं. माणूस नाचो की खेळण्यातला रोबो, ताठर यांत्रिक हालचालीलाच मेंदूच्या या हालचाल बघताना राबणाऱ्या भागांत जास्त प्रतिसाद. म्हणजे 'जास्त पेटलं' याचा अर्थ 'जास्त भिडलं' असा लावता येत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज चुकतो म्हणूनही मेंदू जास्त राबत असेल. गाईडना हे आवर्जून सांगा, कारण रंगीत मेंदूचं चित्र चिकटवून 'प्रेक्षकांना आवडलं' असं लिहिणारे प्रोजेक्ट मी तपासलेले आहेत.

आणखी एक, त्याच बाईंचा २०११ चा. नृत्य न शिकलेल्यांना बॅलेच्या हालचाली दाखवल्या, तर जी हालचाल स्वतःला जमणार नाही असं वाटलं तीच जास्त आवडली. रोबोचा हात संथपणे वर जाताना बघून कोणाला 'मला नाही जमणार' असं वाटणार नाही. ही अडचण प्रोजेक्टमध्ये मोकळेपणाने लिहावी.

खवचट_आजोबा
कोणी 'मिरर न्यूरॉन' (कृती स्वतः करताना आणि दुसऱ्याची बघताना, दोन्ही वेळा चेतणाऱ्या पेशी) म्हणायच्या आत सांगतो : ते इटलीत पार्मात माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून सापडले. माणसाच्या स्कॅनमध्ये दिसतो तो लाखो पेशींचा गोळाबेरीज हिशोब. रिपोर्टात तो शब्द जितका कमी, तितके मार्क जास्त.

ओसाकाकर
आजोबांना +१.

माझ्या गावचं एक उदाहरण जोडतो. इथल्या विद्यापीठात इशिगुरो यांच्या गटाने रेप्ली क्यू२ नावाची हुबेहूब बाईसारखी दिसणारी अँड्रॉइड (माणसाच्या रूपातला रोबो) केली. आयशे सायगिन यांच्या गटाने तिचे, तिची त्वचा काढून उघडं पाडलेल्या त्याच यंत्राचे आणि जिच्यावरून ती घडवली त्या बाईचे व्हिडिओ लोकांना स्कॅनरमध्ये दाखवले (२०१२). उघड्या यंत्राचं फारसं काही वाटलं नाही, खऱ्या बाईचंही नाही. दिसणं माणसाचं आणि हलणं यंत्राचं, अशी जिथे फारकत होती तिथे पार्श्विका खंडातला (मेंदूचा वरचा-मागचा भाग, पॅरिएटल लोब) प्रतिसाद सगळ्यात मोठा. मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये 'अस्वस्थतेची दरी' (अनकॅनी व्हॅली : रोबो जवळजवळ माणसासारखा झाला की आपुलकी एकदम अस्वस्थतेत घसरते) मांडली तेव्हाच आलेखात दोन रेषा होत्या, एक स्थिर वस्तूंची आणि एक हलणाऱ्यांची. हलणाऱ्यांची दरी जास्त खोल.

थोडक्यात, नाओला घागरा-ओढणी नेसवू नका. हा मोह कॉलेजात कोणाला तरी होणारच. तो खेळण्यासारखा दिसतो हा त्याचा फायदा आहे.

अनघा_कोथरूड
ओढणी आधीच शिवून तयार आहे 🙈 सांगते तिला.

बाकी सगळं स्कॅनरवालं झालं. आम्हाला एमआरआय कोण देणार?

न्यूरॉनवाला
नकोच. मेंदूला प्रस्तावनेत दोन पानं पुरेत. प्रयोग ठिपक्यांवर करा.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये माणसाच्या सांध्यांवर दिवे लावून अंधारात चित्रण केलं. स्थिर चित्रात नुसते विखुरलेले ठिपके, पण माणूस चालू लागला की क्षणात ओळखू येतो. १९९६ मध्ये डिट्रिच आणि सहकाऱ्यांनी हेच नृत्यावर करून पाहिलं. चेहरा नाही, वेश नाही, तरी भावना बऱ्यापैकी ओळखता आल्या. पूर्ण व्हिडिओइतक्या नाही, पण नुसत्या अंदाजापेक्षा नक्की जास्त. अभिनय शिकवणाऱ्यांना हे पटेल की झोंबेल, तत्कारताईच सांगतील.

भाचीने स्वतः तो थाट करावा, मोबाइलवर चित्रण करावं. मीडियापाइप हे फुकट साधन शरीरावरचे ३३ बिंदू काढून देतं. रोबोचे बिंदू त्याच्या सांध्यांच्या कोनांवरून काढावेत, ते जास्त नेमके येतील. दोघांचे तेच सांधे निवडून एकाच आकाराचे ठिपके करा. आता रूप गेलं, हालचाल उरली. मग चार प्रकार : भाची जशी आहे तशी, रोबो जसा आहे तसा, भाचीचे ठिपके, रोबोचे ठिपके. बघणारे तीन गटांचे : कथक शिकणारे, भरतनाट्यम शिकणारे, काहीच न शिकलेले. सायकोपाय या प्रयोग चालवायच्या सॉफ्टवेअरवर व्हिडिओ दाखवा (तेही फुकट) आणि बार्टनेक यांची २००९ ची गॉडस्पीड प्रश्नावली (रोबो किती माणसासारखा, जिवंत वाटतो वगैरे विचारणारी) भरून घ्या. कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी आधी, गोळा केलेली माहिती नंतर. हा क्रम उलटा झाला तर सगळं फुकट.

तत्कार
पटलं, झोंबलंही. पण भावना ओळखणं आणि रस येणं या दोन गोष्टी आहेत, त्या प्रश्नावलीत कुठे बसवणार?

न्यूरॉनवाला
बसत नाहीत. शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा, 'पुन्हा बघायला आवडेल का, का?' आणि उत्तरं तुम्हीच वाचा.

मुळामुठा
अवांतर : अनघाताई, तुम्ही पुण्यातच आहात तर हृषीकेश पवार यांचं पार्किन्सन्स असलेल्यांबरोबरचं नृत्यकाम भाचीला जरूर दाखवा. हालचाल अडखळते तेव्हा ताल काय करतो, हे पेपरपेक्षा तिथे लवकर कळेल.

तत्कार
माझ्या वर्गातल्या मुली प्रयोगाला देते, पालकांना मी विचारते. फक्त दोन अटी. लेहरा (तालासोबत वाजणारी ती फिरती धून) सगळ्या व्हिडिओंना तोच आणि त्याच लयीत. आणि रोबोच्या मोटरची घरघर काढून टाका, नाहीतर माझ्या पोरी डोळे मिटूनही सांगतील कोण नाचतंय ते.